सेकंदाला एकशे चव्वेचाळीस

सूतभर काकांच्या घरात ट्यूबलाइट नव्हती. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब, बाहेरच्या खोलीत पिवळा बल्ब, न्हाणीघरात त्याहून मंद असा आणखी एक. पिवळे बल्ब बाजारात मिळेनासे व्हायला लागले तेव्हा काकांनी कुठून कुठून हिंडून चाळीस बल्बांचं खोकं आणलं आणि कपाटावर ठेवून दिलं. तेही संपले, नवे दिवे घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, तेव्हा ते दुकानात उभे राहून एकेक दिवा लावायला लावत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघत. कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले की म्हणत, "हा नको. हा लुकलुकतो." दुकानदाराला तर काहीच लुकलुकताना दिसत नसे. "काका, दिवा घेताय की जावई?" तो विचारायचा.

सूतभर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवली होती. लोखंडाचा तुकडा चकच्या जबड्यांत घट्ट धरायचा, चक गरगर फिरवायचा आणि धारदार टूलने तो तुकडा तासून हव्या त्या मापाचा करायचा, हे टर्नरचं काम. काकांच्या हातून गेलेल्या कामाला कधी कुणी नाव ठेवलं नाही. भिंतीत कुणी खिळा ठोकला तरी "सूतभर डावीकडे गेला" असं म्हणणारा माणूस, म्हणून वर्कशॉपमध्ये नाव पडलं सूतभर. निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्यामागोमाग गल्लीतही येऊन राहिलं.

दिव्यांचं हे खूळ कुठून आलं याबद्दल काकूंची स्वतःची एक समजूत होती आणि ती त्या शेजारणींना हलक्या आवाजात सांगत. "माझ्या भावाचा हात मशीनमध्ये गेला ना, तेव्हा हे तिथेच होते. सगळं डोळ्यांदेखत झालं. तेव्हापासून त्यांना असलं काहीतरी होतं." एवढं सांगून त्या सुस्कारा टाकत. त्या सुस्काऱ्यात भावाबद्दल थोडा राग असे आणि नवऱ्याबद्दल पुष्कळशी कणव. काका आतल्या खोलीत असले तर त्यांना ते ऐकू जाई. मग ते उगाच खोकत, किंवा नळ सोडत.

त्यांना एकच मुलगी. ती घरीच बसून काम करायची. लहान मुलांसाठीच्या गोष्टींमधली चित्रं हलती करणं हा तिचा व्यवसाय. कोल्हा पळायचा, नदी वाहायची, म्हातारा छत्री उघडायचा, आणि हे सगळं ती मागच्या खोलीत एका पेनाने काचेवर रेघा ओढून घडवायची. यंदा तिने साठवलेल्या पैशांतून नवा मॉनिटर घेतला. भला थोरला, जवळजवळ टेबलाएवढा. तो लावून दोन दिवस झाले तरी तिची चिडचिड काही थांबेना.

"काय झालंय?" काकांनी दारातून विचारलं.

"फसवणूक झालीये. खोक्यावर लिहिलंय एकशे चव्वेचाळीस आणि मिळतायत साठ."

"साठ काय?"

"पडदा सेकंदाला साठ वेळा नवं चित्र दाखवतो. खरं तर एकशे चव्वेचाळीस वेळा दाखवायला हवं. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तिथे निवडायला साठशिवाय दुसरा आकडाच नाही."

काका आत आले. यंत्राच्या पाटीवर जो वेग कोरलाय तो यंत्राने दिलाच पाहिजे, न दिला तर खोट यंत्रात नाही, ते बसवणाऱ्यात आहे, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लगेच बोलूनही दाखवलं. पण बोलता बोलता त्यांचा आवाज जरा खाली गेला. सेकंदाला साठ वेळा. म्हणजे मधे मधे काही नाही. मधे मधे नुसती वाट बघणं.

"साठ आणि एकशे चव्वेचाळीस, डोळ्यांना फरक कळतो का एवढा?" त्यांनी विचारलं.

"कळतो म्हणजे काय! थांबा, दाखवते." तिने तपासणीचा एक छोटासा प्रोग्रॅम उघडला. काळ्या पडद्यावर पांढरं चाक आलं, आठ आऱ्यांचं. "हे बघा. हे चाक सेकंदाला साडेसात फेरे मारतंय."

काकांनी बघितलं. चाक जागचं हलत नव्हतं. आठही आरे स्वच्छ, रेखीव, भिंतीवर टांगल्यासारखे.

"थांबलंय," ते म्हणाले.

"तेच तर! फिरतंय, बाबा. पण दर वेळी नवं चित्र येईपर्यंत एका आऱ्याच्या जागी नेमका दुसरा आरा येऊन बसतो. म्हणून आपल्याला थांबलेलं दिसतं. हा आरा बघा..." म्हणत तिने बोट पुढे केलं, नेमकं चाकाच्या मध्यावर.

"हात काढ!"

ते एवढ्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं झाकण खाली पडलं. काकांनी लेकीचं मनगट धरून मागे खेचलं होतं. खुर्ची कलंडली, ती कशीबशी सावरली. आधी तिला हसू आलं, मग बाबांचा चेहरा बघून ते जागच्या जागी विरलं.

"चालू आहे ते," काका म्हणाले. "चालू आहे. दिसत नाही, पण चालू आहे."

त्यांनी मनगट सोडलं तेव्हा तिथे चार बोटांचे लाल वळ उठले होते.

त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती. लेक तेव्हा तीन महिन्यांची होती. काकूंचा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा. काकांनीच शब्द टाकून त्याला वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून लावून घेतलं होतं. पोरगा चुणचुणीत. तोंडाने शीळ घालत फिरायचा, सगळ्यांची नक्कल करायचा आणि सहा महिन्यांत लेथही शिकेन म्हणायचा.

काकांच्या लेथवर दोन ट्यूब होत्या. मापं घ्यायचं टेबल मागच्या बाजूला, तिथली ट्यूब जळाली. नवी पुढच्या आठवड्यात येईल, असं स्टोअरवाल्याने सांगितलं. अंधारात मायक्रोमीटरच्या बारीक रेघा दिसेनात, म्हणून काकांनी मशीनवरची एक ट्यूब काढून टेबलावर लावली. मशीनवर एक राहिली. उजेडात तसा काही फार फरक पडला नाही.

बारा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी एक तुकडा तासता तासता काकांना मापाची शंका आली. त्यांनी टूल मागे घेतलं. चक मात्र बंद केला नाही. अर्ध्या मिनिटाचं काम, बंद कशाला करायचा? मायक्रोमीटर आणायला ते वळून टेबलापाशी गेले. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडत होता, त्या आवाजात कुठलं मशीन चालू आणि कुठलं बंद ते ऐकून कळणं शक्यच नव्हतं. मेहुणा हातात फडकं घेऊन आला. लोखंडाचा किस झाडायचा म्हणून त्याने चकवर हात ठेवला.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात वर्कशॉपचा वायरमन काकांजवळ येऊन बसला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "सूतभर, मशीनवर एकच ट्यूब होती ना? ट्यूब सेकंदाला शंभर वेळा विझते आणि पेटते. दोन ट्यूब मुद्दाम अशा जोडलेल्या असतात की एक विझते तेव्हा दुसरी पेटलेली असते. एकटीच असली की फिरणारी वस्तू कधी कधी थांबलेली दिसते. वेग किती होता?"

"पंधराशे. मिनिटाला."

"आणि चकला जबडे?"

"चार."

वायरमनला पुढे विचारायची गरजच नव्हती. सेकंदाला पंचवीस फेरे, चार जबडे, शंभर. टर्नरला असले हिशेब बोटं न मोजता येतात. पोराला चक थांबलेला दिसला होता, कारण त्या उजेडात तो थांबलेलाच दिसत होता. तिथे कुणाचाही हात गेला असता.

त्याच संध्याकाळी काकांनी टेबलावरची ट्यूब काढून परत मशीनवर लावली.

दहाव्या दिवशी चौकशी झाली. मेहुणा हाताला बांधलेलं बोचकं छातीशी धरून आला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "चक थांबलेला होता. मी डोळ्यांनी बघितला." लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी तोंडावर हात धरून हसलंही. पंधराशेच्या वेगाने फिरणारा चक थांबलेला दिसतो? झोपेत होतास का रे? मग काकांना विचारण्यात आलं. घरी तीन महिन्यांची पोर होती. अख्ख्या घरात कमावणारा हात एकच उरला होता, तो काकांचा.

"मशीन चालू आहे हे त्याला दिसत होतं," काका म्हणाले.

कागदावर निष्काळजीपणा असा शब्द आला. मेहुण्याचं काम गेलं.

आता तो तीन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटा राहायचा. वाचनालयात परत आलेली पुस्तकं घेण्याच्या खिडकीशी बसायचा आणि डाव्या हाताने शिक्के मारायचा. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तो तिला पेनाच्या मागच्या टोकाने टोचून बघायचा. पुस्तक, कप, दाराची कडी, सगळं. रस्ता ओलांडायचा तर आधी कुणाला तरी विचारायचा, "गाडी थांबलीये ना?" वाचनालयात येणारी मुलं त्याला चाचपूमामा म्हणत. तोही हसून ओ द्यायचा. लग्नाचा विषय मात्र त्याने कधी काढू दिला नाही. आपल्याच डोळ्यांवर ज्याचा भरवसा नाही त्याने दुसऱ्याची जबाबदारी काय घ्यायची, असं एकदा तो ताईला म्हणाला होता. ताई चिडली. "तेव्हाच डोळे उघडे ठेवले असतेस तर!" असं बोलून गेली आणि मग दिवसभर रडली.

लेकीच्या खोलीत चाक बघितलं त्या दिवसापासून काकांची पाठ काही सुटेना. दाढी करायला आरशासमोर उभे राहिले की खांद्यामागे, भिंतीच्या पुढे जरासा, चार जबड्यांचा चक उभा असे. अगदी स्थिर. तेल लावल्यासारखा चकचकीत. वळून बघितलं की नसे. शेजारच्यांनी पाण्याचा पंप लावला की भिंतीपलीकडून कॉम्प्रेसर सुरू होई आणि त्या आवाजात कुणीतरी शीळ घालत येत असल्याचा भास होई. दिवसाढवळ्या, चहाचा कप हातात असताना. काका कप खाली ठेवत आणि दाराकडे बघत बसत. शीळ दारापर्यंत यायची आणि थांबायची.

त्यांनी मनाशी एक धरलं. चाक फिरताना दिसलं पाहिजे. यंत्राने पाटीवरचा वेग दिला की चाक फिरताना दिसेल, मग हे सगळं निवळेल.

"तू तुझं काम कर, मी बघतो त्याचं," त्यांनी लेकीला सांगितलं.

"बाबा, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"काही नाही. पण वेग कुठे अडतो ते शोधता येतं. मोटर ठणठणीत असूनही चक हळू फिरत असेल तर पट्टा बघायचा. इथे पट्टा कुठला?"

लेक हसली. पट्टा म्हणजे मॉनिटरकडून टेबलाखालच्या डब्याकडे गेलेली केबल. ती जुन्याच मॉनिटरची होती. नव्याच्या खोक्यात एक केबल होती, पण तिचं तोंड वेगळं दिसलं म्हणून लेकीने ती खोक्यातच ठेवली होती. काकांनी ती काढून दोन्ही तोंडं उजेडात धरून नीट निरखली. एका टोकाला अडकवायचा बारीक आकडा होता. एक टोक मॉनिटरला, दुसरं डब्याला बसवून बघितलं. साठ.

दुसऱ्या दिवशी ते जुनी केबल घेऊन मॉनिटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना वर-खाली बघून विचारलं, "गेम खेळता का काका?"

"नाही. चाक बघायचंय."

दुकानदाराला ते काही उमगलं नाही, पण माणूस भला होता. त्याने कागदावर डब्याच्या मागच्या बाजूचं चित्र काढून दिलं. डब्याला मागे दोन जागी केबल लावता येते, वर आणि खाली. वरची जागा साध्या कामाची. खालच्या जागेमागे चित्रांसाठीचं वेगळं कार्ड असतं. केबल खाली लागली पाहिजे. काका घरी आले, टेबलाखाली शिरले, बॅटरी दातांत धरून बघितलं. केबल वरच्या जागी होती. ती खाली लावली. बाहेर येताना डोकं टेबलाला आपटलं.

"काय म्हणतंय?"

"साठच," लेक म्हणाली. आता तिचाही आवाज बदलला होता. मॉनिटरपेक्षा ती बाबांकडेच जास्त बघत होती. चाक बघितल्यापासून ते पोटभर जेवले नव्हते. "बाबा, राहू दे ना. साठवर काम अडत नाही माझं."

"माझं अडतं."

चौथी दुपार. मॉनिटरच्या खालच्या कडेला चार बटणं होती. ती दाबली की मॉनिटरची स्वतःची वेगळी यादी पडद्यावर उघडायची. उजेड, रंग, भाषा. काका एकेक ओळ उघडून वाचायला लावत आणि लेक वाचून अर्थ सांगे. अगदी तळाशी, इतर या नावाखाली, केबल जिथे लागते त्या जागेसाठी दोन पर्याय होते, जुनी पद्धत आणि नवी पद्धत. कारखान्यातून निघाला तेव्हापासून मॉनिटर जुन्या पद्धतीवर होता.

"हा बघ, खिटी इथे अडकली होती," काका म्हणाले.

नवी पद्धत निवडली. लेकीने सेटिंग उघडलं. साठच्या खाली आता आणखी तीन आकडे होते आणि शेवटचा एकशे चव्वेचाळीस. तिने तो निवडला. पडदा काळा झाला. एक क्षण, दोन क्षण. त्या काळ्या काचेत काकांना आपला चेहरा दिसला आणि त्यांनी डोळे मिटले.

"आलं!" लेक ओरडली. "बाबा, आलं! बघा की!"

चाक फिरत होतं. पांढरे आरे झरझर मागे पडत होते. अगदी लहान मुलानेही लांबून ओळखलं असतं की हे चालू आहे, इथे हात घालायचा नाही.

काका बघत राहिले. निवळायला हवं होतं ते निवळलं नाही. हे एवढंच होतं. मशीनवर आणखी एक ट्यूब असती तर त्या दिवशी पोराला हे असं दिसलं असतं, आणि तो फडकं हलवत म्हणाला असता, "भाऊजी, बंद करा की, झाडायचंय." सव्वीस वर्षं त्यांच्या मनात चक थांबलेला होता. आता तो फिरताना दिसायला लागला, आणि फिरताना दिसणारा जास्त भयंकर होता.

"मामाला बोलाव," ते म्हणाले. "उद्या दुपारी. वाचनालय बंद असतं तेव्हा."

मामा आला. चप्पल काढली, खुर्ची पेनाने टोचली, बसला. काकू चहा टाकायला आत गेल्या. काकांनी लेकीला वेग पुन्हा साठवर आणायला सांगितलं आणि चाक उघडायला लावलं.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"चाक," मामा म्हणाला. "तुम्ही मला सायकल घेऊन देताय की काय?"

"काय करतंय ते?"

मामाने वाकून बघितलं. मग त्याची नेहमीची गोष्ट झाली, तो गोंधळला. आधी भाचीकडे बघितलं, मग भाऊजींकडे. "थांबलंय का? मला विचारू नका हो. मला थांबलेलं दिसतंय. पण माझं काय खरं?"

"तुझं खरं आहे. थांबलेलंच दिसतं. सगळ्यांनाच." काकांनी लेकीला खूण केली. पडदा काळा झाला, परत उजळला. चाक गरगरायला लागलं. "हे तेच चाक. वेगही तोच. मघाशीही एवढंच फिरत होतं."

मग काकांनी सांगितलं. टेबलावरची जळालेली ट्यूब, मशीनवरून काढलेली ट्यूब, पंधराशेचा वेग, चार जबडे. मापं सांगावीत तसं सांगितलं, एकही आकडा न चुकवता. सांगून झाल्यावर त्यांना दिसलं की काकू दारात उभ्या आहेत, हातात ट्रे, कपातला चहा हिंदकळतोय.

"परत कर," मामा भाचीला म्हणाला.

तिने साठ केलं. चाक थांबलं.

"परत."

एकशे चव्वेचाळीस. चाक फिरलं. असं त्याने सात-आठ वेळा करायला लावलं. दर वेळी पडदा काळा व्हायचा तेव्हा तो पुढे सरकून बसायचा, जणू आत कुणाला तरी ओळखायचं आहे. मग त्याने उजवा हात पुढे केला, अंगठा आणि करंगळी, आणि थांबलेल्या चाकावर टेकवला. पेनाने न टोचता.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला. "मी वेडा नव्हतो."

"नव्हतास."

"तुम्हाला हे कधी कळलं, भाऊजी?"

इथे खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, या मॉनिटरमुळे, असं म्हणता आलं असतं आणि कुणी शंकाही घेतली नसती. काकांच्या जिभेवर ते येऊन बसलंही होतं.

"तिसऱ्या दिवशी," ते म्हणाले. "तू दवाखान्यात होतास तेव्हा."

"म्हणजे चौकशीच्या आधी."

"आधी."

मामाने हात पडद्यावरून मागे घेतला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "घरी आल्यावर मी नळाला हात लावायला घाबरायचो. पाणी वाहतंय की थांबलंय ते कळायचं नाही मला. तुम्ही शेजारी उभे राहून सांगायचात, वाहतंय रे, लाव हात." तो उठला. "ताई, चहा नको."

काकूंनी ट्रे जमिनीवरच ठेवला. नवऱ्याकडे बघितलंही नाही. भावाच्या मागोमाग पायात चपला सरकवल्या आणि गेल्या. त्या परत आल्या त्या बाराव्या दिवशी, आणि आल्यावरही कामापुरतंच बोलत. "मी त्याला काय काय बोलले," एवढंच एकदा त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. "तुम्ही ऐकत होतात."

दीड महिन्याने एका सकाळी मामा दारात उभा राहिला. आत आला नाही. हातात वाचनालयाचं एक कार्ड होतं, त्यावर डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात सात ओळी. फोरमन, स्टोअरवाला, मिलिंगवाला, दोन फिटर, हिशेबनीस, वायरमन. प्रत्येकापुढे पत्ता.

"चौकशीच्या खोलीत आणि बाहेर जे जे होते त्यांतले एवढे जिवंत आहेत," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर लोक मला हसले. त्यांच्यासमोर सांगा. मी बरोबर येणार."

काकांनी सदरा बदलला आणि निघाले.

सात घरं व्हायला पाच आठवडे लागले. दोघं बसमध्ये शेजारी बसत आणि बोलत नसत. फोरमनने सगळं ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मी हसलो होतो, मला आठवतं." स्टोअरवाला भडकला, ट्यूब वेळेवर आली नाही याचं खापर आता आपल्यावर फुटणार असं त्याला वाटलं. मिलिंगवाल्याला काहीच आठवत नव्हतं. त्याला स्वतःची सूनही ओळखू येत नव्हती. तरी मामा म्हणाला, "सांगा," आणि काकांनी त्या माणसाच्या पलंगाशी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मिलिंगवाला मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पोराचा हात बरा आहे ना?"

दर घरी सांगताना काकांना वाटे की आता हे बोथट होईल. होत नसे. एका फिटरकडे तर बैठकीत ट्यूबच होती, एकच, आणि तिच्याखाली बसून बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला. मामाने ते बघितलं. उठून दिवा बंद केला, खिडकी उघडली आणि परत जागेवर जाऊन बसला.

वायरमनचं घर शेवटी ठेवलं होतं. तो अंथरुणावर उशीला टेकून बसलेला, पार वाळलेला. काका सांगायला लागले तेव्हा त्याने हात वर करून थांबवलं.

"मला काय सांगतोस? मीच तुला सांगितलं होतं." मग तो मामाकडे वळला. "मला वाटलं, हा तुझा घरचाच माणूस, हा तुला सांगेल. नंतर कळलं की नाही सांगितलं. तेव्हा माझीही जीभ उचलली नाही. नोकरी होती."

मामा पलंगाजवळ गेला. वायरमनने चादरीबाहेर ठेवलेला हात त्याने आपल्या अंगठ्यात आणि करंगळीत धरला, आणि सोडला.

बाहेर ऊन उतरलं होतं. बसथांब्यावर दोघंच होते. काका म्हणाले, "आता पुढे काय करायचं?"

"पुढे काय," मामा म्हणाला. त्याने खिशातून ते कार्ड काढून सातव्या ओळीवर काट मारली. "तुमच्याकडे यायला मला अजून जमत नाही, भाऊजी. पुढे जमेल की नाही, सांगता येत नाही. भाचीला सांगा, वाचनालयात येत जा म्हणावं, गुरुवारी मी दिवसभर असतो."

त्याची बस आधी आली. दारात पाय ठेवताना त्याने कुणाला काही विचारलं नाही. काका थांब्यावर उभे राहिले, आपली बस येईपर्यंत. ती बऱ्याच वेळाने आली.